मागणं त्यांचंच होतं

रेग्मींनी आपल्या खात्याच्या मागण्यांची यादी टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ होऊन वाचायला लागले. पहिल्या क्रमांकावर तीन झुलते पूल, निगाले नदीवर, काउलेटारच्या खोऱ्यात. दुसऱ्यावर पिण्याच्या पाण्याची योजना, तिसऱ्यावर रस्त्याची यंत्रं, आणि चौथ्यावर, यादी लांब दिसावी म्हणून घातल्यासारखं, काठमांडूत एक मोठं सभागृह.

मी त्यांचं इंग्रजी वाक्यामागून वाक्य जपानीत करत होते. माझ्या उजव्या हाताला हिरानोसान, आमच्या सल्लागार कंपनीच्या पथकाचे प्रमुख. त्यांच्या पलीकडे तोक्योहून आलेले एक मोठे साहेब. मदत द्यायची की नाही, हे शेवटी यांच्या मान हलवण्यावर ठरणार होतं. पहिला क्रमांक ऐकताच साहेबांनी चहाचा कप उचलला आणि नेपाळच्या चहाची तोंड भरून तारीफ केली. नऊ वर्षं जपान्यांबरोबर काढल्यावर एवढं कळायला लागतं. मी मनात म्हटलं, गेले पूल.

रेग्मींना काय कळणार. ते खुश झाले. म्हणाले, हा आमच्या डोंगराचा चहा आहे, निघताना सगळ्यांना एकेक पुडा देतो. मी तेही जपानीत केलं. सगळे हसले, उठले, वाकले आणि बैठक संपली. बाहेर व्हरांड्यात रेग्मी माझ्याजवळ आले आणि चक्क मराठीत म्हणाले, "तुम्ही पुण्याच्या ना? मी तिथे चार वर्षं होतो. इंजिनिअरिंगला. शनिवार पेठेत खाणावळीत जेवायचो."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मूळची मी रत्नागिरीची, पुण्यात जपानी शिकले आणि पोटासाठी दुभाषी झाले. आमच्याकडची माणसं तोंडाने फटकळ, आणि जपानीत फटकळपणाला जागाच नाही. त्यामुळे तो सगळा नऊ वर्षं पोटात साठलेला. टेकनाथ रेग्मी नावाचा हा नेपाळी उपसचिव लिंगवचनाची पार वाट लावत मराठी बोलत होता, आणि मला वाटत होतं, याच्याशी तासभर भांडावं सुद्धा. त्यांनी मला तिथल्या तिथे 'ताई' करून टाकलं. वयाने माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठेच असतील.

ही गोष्ट १९९२ च्या कार्तिकातली. माझं वय तेव्हा छत्तीस.

संध्याकाळी हॉटेलच्या बागेत हिरानोसानांनी मला बोलावलं. भला माणूस. साठीला आलेला, पोटाचा आजारी, कधी कुणावर आवाज चढवला नाही. मला 'आतारेसान' म्हणायचे, कारण 'आठल्ये' त्यांच्या जिभेला झेपत नसे. त्यांनी आधी हवेबद्दल बोलून घेतलं, मग म्हणाले की साहेबांना यादी जरा अवघड वाटते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जपानची मदत तेव्हा अशी चालायची की आपण होऊन काही देऊ करायचं नाही. समोरच्या देशाने मागायचं, लेखी मागायचं, स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या सहीने. मग यांनी विचार करायचा. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे म्हणतात ना, 'आमचं काही मागणं नाही, तुम्हाला काय हौस असेल ते करा', आणि मग मुलीच्या बापाने ओळखून सगळं करायचं, तसंच. फक्त इथे उलटं. देणारा गप्प बसायचा, आणि त्याला जे द्यायचंय तेच घेणाऱ्याने ओळखून मागायचं. चुकीचं मागितलं तर कुणी तोंडावर नाही म्हणत नसे. चहाची तारीफ होई आणि कागद कुठेतरी पडून राही.

साहेबांना सभागृह द्यायचं होतं. दोन वर्षांनी मैत्रीच्या कुठल्याशा वर्धापनाला तोक्योहून बडी मंडळी येणार होती. त्यांना फीत कापायला काहीतरी हवं, आणि ते विमानतळापासून गाडीने अर्ध्या तासावर हवं. काउलेटारला जायला बस सोडल्यावर दोन दिवस चालावं लागे. तिथे जाऊन पुलाची फीत कोण कापणार?

"रेग्मीसानांनी यादीतला चौथा क्रमांक पहिला केला तर सगळं सोपं होईल," हिरानोसान म्हणाले. "पण हे आम्ही सांगू शकत नाही. मागणं त्यांचंच असायला हवं. तुम्ही त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोलता. त्यांना तुम्ही जवळच्या वाटता."

मी म्हटलं, बोलून बघते. हे माझं कामच होतं. बैठकीच्या आधी एकेकाला घरी गाठून, गप्पा मारून सगळं जुळवून घ्यायचं, म्हणजे बैठकीत फक्त माना हलवायच्या. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग हिरानोसान म्हणाले, "आणखी एक. हे झालं की या खात्याला पुढची पाच-सहा वर्षं काही मिळणार नाही. तसं ठरलंय. ते त्यांना सांगायची गरज नाही. त्यांनी विचारलंच तर तुम्हाला माहीत नाही म्हणा."

आणि उठताना, हवेबद्दल बोलावं तितक्याच सहज, त्यांनी सांगितलं की तोक्योच्या कचेरीत एक कायमची जागा निघतेय आणि ते माझं नाव घालणार आहेत. मी तेव्हा सहा-सहा महिन्यांच्या कराराने जगत होते. रत्नागिरीत आई एकटी, तिची दर पत्रात तीच विचारणा, तुझं पक्कं कधी होणार. माझ्यानंतर आलेले तीन पुरुष कायम झाले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. जे होतं ते सांगते.

नेपाळात सुट्टी शनिवारी असते. शनिवारी दुपारी रेग्मींनी मला जेवायला बोलावलं. डिल्लीबजारात दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बायको काही वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. बहीण मात्र आली होती, देवका. तिशीची, हसरी, गोल चेहऱ्याची. काउलेटारच्या आरोग्य केंद्रात ती सुईणीचं काम करायची. उजव्या हाताला हे भलं मोठं बँडेज. पण जेवण तिनेच रांधलं होतं. डाळ, भात, रायाची, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, आणि वाळवलेल्या आंबट पाल्याचं गुंद्रुक. रेग्मींनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने पिठलं केलं होतं. त्यात गुठळ्या होत्या, आणि तरी मी तीनदा वाढून घेतलं.

मी देवकाला हाताला काय झालं विचारलं, तर तिने हसत हसत अभिनयच करून दाखवला. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक लोखंडी तार. तिला ते लोक तुइन म्हणतात. तारेवर लाकडी चाक, चाकाखाली टांगलेली फळी. फळीवर बसायचं, पाय दुमडायचे आणि हातांनी तार ओढत ओढत पलीकडे जायचं. खाली पाणी. मध्ये तारेला झोळ असतो, तिथपर्यंत आपसूक जातं, पुढे चढ. ओढताना हात सरकला की बोटं चाकाखाली येतात. तिची दोन आली होती. एक काठमांडूच्या डॉक्टरांनी काढून टाकलं, दुसरं राहील म्हणाले होते.

"आमच्या गावात दहा बोटांचं माणूस म्हणजे पाहुणा," रेग्मी म्हणाले आणि बहीणभाऊ दोघेही हसले. मला हसू येईना.

पलीकडच्या काठावर अकरा वस्त्या होत्या. कुणी बाई अडली की माणूस येऊन काठावर हाका मारायचा, मग देवका पिशवी गळ्यात अडकवून तारेवर बसायची. पाऊसपाणी, दिवसरात्र काही बघायची नाही. मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, वाटते, पण पलीकडची बाई ओरडत असते ना, तिकडे लक्ष लागतं. रेग्मींनी खात्यात तीन वर्षं झगडून हे पूल यादीत पहिल्या क्रमांकावर आणले होते. मंत्री बदलले, सचिव बदलले, दर वेळी हे पुन्हा पहिल्यापासून. लोक हसायचे म्हणे, रेग्मीला पूल चावलाय.

जेवण झालं, देवका भांडी घेऊन मागे गेली आणि मी कामाला लागले. इतकं छान बोलले मी त्या दिवशी. म्हटलं, रेग्मीसाहेब, जपानी माणूस नव्या घरी पहिल्यांदा जड पाऊल टाकत नाही. आधी त्यांना दिसणारं, सोपं काहीतरी मागा. सभागृह मागा. ते होऊ द्या, त्यांचे मोठे लोक येतील, कौतुक होईल, तुमच्या खात्यावर विश्वास बसेल. मग पूल मागा. यंदा पूल पहिले ठेवलेत तर पूलही नाही आणि सभागृहही नाही.

ते ऐकत होते. मूर्ख नव्हते ते, सगळं समजलं त्यांना. मग त्यांनी उठून कपाटातून एक पत्र काढलं.

"ताई, तुम्हाला एक दाखवतो. खात्यात अजून कुणाला माहीत नाही."

युरोपातल्या एका संस्थेचं पत्र होतं. निगालेवर एक पूल बांधून द्यायला ते तयार होते. तीन नाही, एकच. सामान त्यांचं, अंगमेहनत गावाची, या हिवाळ्यातच काम सुरू. अट एवढीच की निगालेवरचा कुठलाच पूल दुसऱ्या कुठल्या देशाकडे मागितलेला नसावा. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवा, नाहीतर दुसऱ्या खोऱ्यात जातो.

"एक पूल हातात आहे," रेग्मी म्हणाले. "पण एकाने पलीकडच्या चार वस्त्यांचं होतं, सातांचं नाही. जपानने दिले तर तिन्ही होतात. तुम्ही त्यांना ओळखता, ताई. सभागृह मागितलं तर पुढच्या वर्षी पूल देतील?"

मला काय करायचं होतं, फक्त 'माहीत नाही' म्हणायचं होतं. तेवढी मुभा मला हिरानोसानांनीसुद्धा दिली होती. पण मला दिसत होतं की मी 'माहीत नाही' म्हटलं की हा माणूस संस्थेला हो म्हणेल, पूल यादीतून निघतील, आणि मग सभागृह पहिलं करायला याला काही कारणच उरणार नाही. तो पाण्याची योजना वर आणेल, नाहीतर आणखी काही. सोमवारी साहेब पुन्हा चहाची तारीफ करतील. आणि मी जाईन पुन्हा सहा महिन्यांच्या करारावर.

"देतील," मी म्हटलं.

"नक्की?"

"मी नऊ वर्षं बघतेय त्यांना. त्या संस्थेला नाही कळवा. थांबा एक वर्ष."

रेग्मींनी माझ्याकडे पाहिलं. मग आत हाक मारून देवकाला सांगितलं, नेपाळीत, पण मला कळलं. तीन होणार, म्हणाले, तीन. ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि मला नमस्कार करायला वाकली. मी तिला मध्येच धरलं. एवढी तरी लाज होती.

सोमवारी पत्र तयार झालं. त्यांच्या खात्याचा टायपिस्ट एका बोटाने टाइप करणारा, म्हणून मीच यंत्रावर बसले. कागद त्यांचा, शिक्का त्यांचा, वाक्यं माझी. अशी विनंतीपत्रं मी आधीही बरीच लिहून दिली होती, वेगवेगळ्या देशांच्या नावाने. साचा पाठ होता. देशाच्या प्रगतीत सभागृहाचं स्थान, दोन्ही देशांची मैत्री, आणि शेवटी, 'या खात्यापुढे याहून तातडीची दुसरी कोणतीही गरज नाही.'

रेग्मी त्या वाक्याशी अडखळले. "हे हवंच का?"

"असं लिहायची पद्धत आहे," मी म्हटलं. आणि ती होतीच.

त्यांनी स्वतःच्या हाताने खाली एक ओळ जोडली होती, की निगाले नदीवरच्या पुलांची मागणी कायम असून ती पुढील वर्षी सादर केली जाईल. मी समजावलं की एका पत्रात दोन मागण्या आल्या की पहिली कच्ची दिसते. मी तसं सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. खिशातलं पेन काढलं आणि आपली ओळ आपणच खोडली. मी पान नव्याने टाइप केलं, त्यांनी सही केली.

साहेबांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं, खोल वाकले आणि म्हणाले की आपल्या देशाची ही इच्छा आम्ही नम्रपणे स्वीकारतो. मी ते मराठीत नाही केलं, इंग्रजीत केलं, कारण खोलीत बाकीचेही लोक होते.

नोकरी मिळाली. आईने गणपतीला पेढे वाटले. मी तोक्योला गेले, दहा बाय बाराची खोली घेतली, आणि मला आवडायलाही लागलं तिथे. कर्म माझं, खरंच आवडायला लागलं.

पुढच्या वर्षी पानगळीच्या सुमारास नेपाळहून रेग्मींचा पुलांचा अर्ज आला. नकाशे, वस्त्यांची नावं, तारेवरून पडलेल्यांची यादी, सगळं व्यवस्थित. हिरानोसानांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि उत्तराचा मसुदा करायला सांगितला. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण शोधायला मी जुनी फाइल काढली. कारण पहिल्याच पत्रात होतं. आपल्या खात्यानेच गेल्या वर्षी कळवलं होतं की सभागृहाहून तातडीची दुसरी कोणतीही गरज नाही. आपल्या प्राधान्यक्रमाचा आदर राखून या मागणीचा विचार तूर्त करता येत नाही. हिरानोसानांनी वाचून मान हलवली. चांगलं पत्र आहे म्हणाले. माझंच वाक्य मी त्या माणसाच्या गळ्यात बांधून परत पाठवलं, आणि संध्याकाळी कचेरीतल्या मुलींबरोबर जेवायला गेले. ती युरोपातली संस्था तोवर दुसऱ्या खोऱ्यात गेली होती, हे अर्जातच लिहिलेलं होतं.

मी रेग्मींना वेगळं पत्र लिहायला घेतलं होतं. तीनदा घेतलं. मग राहून गेलं, असं म्हणायची आपल्याकडे सोय आहे. मी ते लिहिलं नाही.

सभागृहाचं उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. इमारत देखणी होती, खोटं कशाला बोलू. बडी मंडळी आली, फीत कापली, भाषणं झाली. रेग्मी अधिकाऱ्यांच्या ओळीत मागे उभे होते. इतके वाळलेले की मी आधी ओळखलंच नाही. खात्यातर्फे आभार मानायची वेळ आली तेव्हा सचिवांनी त्यांनाच पुढे केलं, कारण विनंती त्यांच्या सहीची होती. ते म्हणाले, आम्ही जे मागितलं ते जपानने आम्हाला दिलं. मी ते जपानीत केलं. टाळ्या पडल्या.

नंतर गर्दीत मी त्यांना गाठलं. काही बोलायचं म्हणून देवका कशी आहे विचारलं.

"आषाढात गेली," ते म्हणाले. "तार तुटली. पलीकडे बाई अडली होती."

आजूबाजूला लोक फोटो काढत होते. ते मला म्हणाले, उद्या शनिवार आहे, घरी याल? मी हो म्हटलं.

जाताना मी ठरवून गेले होते. टॅक्सीत बसून वाक्यं जुळवली होती, मराठीत, अगदी साधी. मला माहीत होतं. हिरानोसानांनी सांगितलं होतं. नोकरीसाठी मी खोटं बोलले. तीन वाक्यं. नऊ आणि दोन अकरा वर्षं मी दुसऱ्यांची लांबलचक वाक्यं बोलत आले होते, ही तीन काही अवघड नव्हती.

घर तेच. भिंतीवर देवकाचा फोटो, त्याला हार. रेग्मींनी चहा केला. गावाचं सांगायला लागले. प्रेत चौथ्या दिवशी खाली दूर सापडलं. पलीकडची बाई आणि तिचं मूल, दोन्ही वाचलं नाही. गावकऱ्यांना संस्थेच्या पत्राचं आता कळलं होतं. हातातला पूल रेग्मीने नाकारला आणि त्याच्या बदल्यात काठमांडूत हॉल घेतला, असं ते म्हणत. तेराव्याला रेग्मी गावी गेले तर पोरं मागून 'हॉल आला, हॉल आला' ओरडत होती.

"मी गावात कुणाला तुमचं नाव सांगितलं नाही," ते म्हणाले. "सही माझी आहे."

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून.

"ताई, एक विचारायचंय. म्हणून बोलावलं. त्या शनिवारी तुम्ही म्हणालात, देतील. देणार नाहीत हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

मी काही बोलायच्या आत तेच पुढे बोलले. "देवका शेवटपर्यंत म्हणायची, त्या ताई खोटं बोलणार नाहीत, त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल. मीही तेच धरून बसलोय. तुम्हालाही फसवलं असेल तर मग हे नशीब आहे. नशीब म्हटलं की मी जगू शकतो. पण तुम्हाला माहीत असेल, तर माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून... मग मी बहिणीला कुणाच्या शब्दावर मारलं?"

माझी तीन वाक्यं घशापर्यंत आली होती, देवाशपथ सांगते.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं. मलाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं."

रेग्मी रडले. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. मग डोळे पुसून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, मला खात्री होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं होतं. मी ते त्यांच्यासाठी बोलले असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत राहिले. त्यात थोडं खरंही असेल. पण त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं, माझ्यासाठी, आणि ते मी विसरू शकत नाही.

मग त्यांनी कपाटातून नवा अर्ज काढला. संस्था आता देशातूनच गेली होती, मागायला जपानशिवाय कुणी उरलं नव्हतं. म्हणाले, तुम्ही आता कायमच्या तोक्योला आहात, जरा नजर घाला, कुठे चुकत असेल तर सांगा. आणखी चार वर्षं या खात्याला दमडी मिळणार नाही हे मला माहीत होतं. ते सांगायचं तर कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं. मी अर्ज वाचला. दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. छान झालाय म्हटलं. त्यांनी नवं पान माझ्यासमोर हाताने लिहून काढलं, सही केली, आणि टपालात गहाळ व्हायला नको म्हणून अर्ज माझ्याकडेच दिला.

आता मी निवृत्त होऊन रत्नागिरीत असते. हिरानोसान केव्हाच गेले. निगालेवर पूल झाला की नाही मला ठाऊक नाही. नेपाळला जाऊन आलेली माणसं भेटतात, मी विचारत नाही.

त्या अर्जाला नकार गेल्यावर महिन्याभराने रेग्मींचं पत्र आलं होतं, घरच्या पत्त्यावर, मराठीत. 'ताई, तुम्ही आमच्यासाठी खूप भांडला असाल, मला कल्पना आहे. मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी पुन्हा मागू.'

मी भांडले नव्हते. अर्ज हिरानोसानांच्या टेबलावर ठेवला होता, आणि त्यांनी सांगितल्यावर नकाराचं पत्र टाइप केलं होतं.